दिवाळीची मेजवानी, पाच माणसांची कंपनी आणि प्राप्तिकर

चिंचवड येथील एका छोट्या खासगी मर्यादित कंपनीच्या संचालकांनी विचारलेला प्रश्न असा आहे. कंपनी यंत्रभागांच्या आराखड्यांची कामे करते आणि तिची वार्षिक उलाढाल ८५ लाख रुपयांच्या आसपास आहे. पती-पत्नी हे दोघेच संचालक आणि दोघेच भागधारक असून दोघेही कंपनीकडून नियमित पगार घेतात. त्यांच्याखेरीज तीन कर्मचारी आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी दिवाळीनिमित्त एक छोटे सभागृह घेऊन जेवण दिले. केटररने २६ ताटांचे, दर ताटी १,४०० रुपयांप्रमाणे, ३६,४०० रुपये आणि वर जीएसटी असे बिल दिले. सभागृहाचे भाडे १२,००० रुपये संचालकांनी तिथल्या तिथे रोख दिले, सजावट व ध्वनियंत्रणेवर ८,००० रुपये खर्च झाले, तिन्ही कर्मचाऱ्यांना प्रत्येकी ४,५०० रुपयांची भेटवस्तू दिली आणि दोघा संचालकांनी कंपनीच्याच पैशांतून स्वतःसाठी प्रत्येकी ७,००० रुपयांची चांदीची निरांजने घेतली. आता फेब्रुवारीत सर्वांनी मिळून तीन दिवस गोव्याला जावे असा विचार आहे. लंडनजवळ राहणाऱ्या त्यांच्या मेहुण्यांची तिकडे एकट्याचीच कंपनी आहे आणि 'माणशी १५० पौंडांपर्यंतची पार्टी करमुक्त असते' असे त्यांनी सांगितल्यामुळे, आपल्याकडे ही मर्यादा माणशी किती रुपये आहे, असे संचालकांनी विचारले आहे.

सरळ उत्तर द्यायचे तर आपल्याकडे अशी माणशी मर्यादाच नाही. मेहुण्यांचे म्हणणे त्यांच्या देशापुरते बरोबर आहे. ब्रिटनमध्ये वार्षिक समारंभ सर्व कर्मचाऱ्यांसाठी खुला असेल आणि व्हॅट, प्रवास, मुक्काम धरून एकूण खर्चाला पाहुण्यांसह सर्व उपस्थितांच्या संख्येने भागल्यावर माणशी १५० पौंडांहून अधिक येत नसेल, तर कर्मचाऱ्याच्या हाती त्यावर कर लागत नाही. पण १५१ पौंड झाले की वरच्या एका पौंडावर नव्हे, तर संपूर्ण रकमेवर लागतो. २००३ पासून हा आकडा बदललेला नाही आणि एकच संचालक असलेल्या कंपनीलाही तो लागू होतो, म्हणून तिकडचे छोटे कंपनीवाले तो तोंडपाठ म्हणतात. आपला प्राप्तिकर अधिनियम, १९६१ हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळतो. तो खर्च किती झाला हे क्वचितच विचारतो. तो कोणासाठी झाला आणि कसा दिला गेला, हे मात्र नेहमी विचारतो. पाचशे माणसांच्या कारखान्यात यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर उघडच असते. पती-पत्नींच्या कंपनीत, जिथे घरची दिवाळी आणि कंपनीची दिवाळी यांत एका दरवाजाचेच अंतर असते, तिथे ते दाखवून द्यावे लागते.

पुढचे सर्व विवेचन आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी, म्हणजे १९६१ च्या अधिनियमानुसार केले आहे. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात येत असल्यामुळे पुढच्या दिवाळीला कलमांचे क्रमांक वेगळे असतील.

मूळ तरतूद कलम ३७, पोटकलम १ ही आहे. भांडवली नसलेला, वैयक्तिक नसलेला आणि संपूर्णपणे व केवळ धंद्यासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा मिळतो, असे ती सांगते. 'केवळ' या शब्दाने अनेक जण दचकतात आणि मेजवानी दिली नसती तर धंदा थोडाच बंद पडला असता, अशी शंका काढतात. त्या शंकेचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सॅसून जे. डेव्हिड या मुंबईच्या कंपनीच्या प्रकरणात देऊन ठेवले आहे. १९६१ च्या विधेयकात सुरुवातीला 'आवश्यकतेने' हा शब्दही घातला होता, त्यावर लोकांकडून विरोध झाला आणि तो काढून टाकण्यात आला, याची न्यायालयाने मुद्दाम नोंद घेतली. खर्च अपरिहार्य असण्याची गरज नाही, व्यावसायिक सोयीसाठी तो स्वेच्छेने केलेला असला तरी चालतो, आणि त्या खर्चाचा लाभ ओघाने तिसऱ्या कोणाला मिळाला म्हणून वजावट अडत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. तुमच्या तीन कर्मचाऱ्यांच्या घरची आठ माणसे जेवायला आली, यात गैर काही नाही, ते याच तत्त्वामुळे.

दिवाळीपुरते बोलायचे तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे ३ ऑक्टोबर १९६८ चे एक जुने पत्र आजही उपयोगी पडते. दिवाळी आणि मुहूर्ताच्या प्रसंगी केलेला खर्च व्यक्तिगत, सामाजिक किंवा धार्मिक स्वरूपाचा नसून धंद्यासाठीच केलेला आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर तो मान्य करावा, असे त्यात सांगितले आहे. कंपनीच्या कचेरीतले लक्ष्मीपूजन आणि वहीपूजन, त्यानंतरचा फराळ, कर्मचाऱ्यांचे जेवण हे सर्व या चौकटीत बसते. घरच्या वास्तुशांतीचे जेवण दिवाळीच्या आठवड्यात येते म्हणून बसत नाही.

मधल्या काळात या खर्चांनी बरीच वळणे पाहिली आहेत. नव्वदच्या दशकापर्यंत आतिथ्यखर्चाच्या वजावटीवर मर्यादा होती, ती पुढे काढून टाकली गेली. नंतर २००५ मध्ये फ्रिंज बेनिफिट टॅक्स आला. त्याच्या यादीत सणसमारंभ, भेटवस्तू, आतिथ्य, कर्मचारी कल्याण असे सारेच होते, आणि त्या खर्चाच्या ठरावीक हिश्श्यावर मालकालाच कर भरावा लागे. ते चार वर्षांचे हिशेब ज्यांनी लिहिले आहेत त्यांना 'स्टाफ वेल्फेअर' हे शब्द ऐकले की अजून डोकेदुखी होते. २००९ मध्ये तो कर रद्द झाला आणि तेव्हापासून मेजवानीसाठी वेगळा असा कर नाही.

आता 'वैयक्तिक' या शब्दाकडे येऊ, कारण तुमच्यासारख्या कंपनीत खरी मेख तिथे आहे. गुजरात उच्च न्यायालयाने सयाजी आयर्न अँड इंजिनिअरिंगच्या प्रकरणात असे म्हटले की कंपनी ही निर्जीव व्यक्ती आहे, तिला 'वैयक्तिक' वापर असू शकत नाही, आणि म्हणून संचालकांनी मोटारी खासगी कामाला वापरल्या या कारणावरून कंपनीच्या खर्चाचा हिस्सा नामंजूर करता येत नाही. हा निकाल छोट्या कंपन्यांचे सल्लागार फार आवडीने पुढे करतात. मात्र त्याचा दुसरा अर्धा भाग ते अशिलाला वाचून दाखवत नाहीत. संचालकांनी वैयक्तिक लाभ घेतला असेल तर तो त्यांच्या हाती पर्क्विझिट, म्हणजे पगारासोबत मिळालेली करपात्र सुविधा ठरतो, आणि कंपनीने त्यावर पगाराप्रमाणे टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायला हवा होता, हे त्यातून आपोआप निघते. म्हणजे कंपनीत वाचवलेला कर संचालकाच्या विवरणपत्रात द्यावा लागतो, आणि संचालक तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर अधिकच द्यावा लागतो. शिवाय ज्या खर्चाचा धंद्याशी काहीच संबंध नाही तो 'वैयक्तिक' म्हणून नाही तरी 'धंद्यासाठी नव्हे' म्हणून नामंजूर होतोच.

तुमच्या २६ ताटांची फोड तुम्ही प्रामाणिकपणे कळवली आहे: तीन कर्मचारी, दोन संचालक, कर्मचाऱ्यांच्या घरची आठ माणसे, बाहेरून काम करणारे हिशेबनीस आणि आराखडेकार असे दोन, तुमची दोन मुले, आणि तुमचे नऊ नातेवाईक. पहिल्या पाच गटांबद्दल मला काहीच हरकत दिसत नाही. कर्मचाऱ्यांची कुटुंबे बोलावली तर संचालकांचे कुटुंबही येणारच. तुम्ही दोघे पगारदार असल्यामुळे कंपनीचे कर्मचारीच आहात. एकट्या माणसाची कंपनी त्याच माणसाला नोकरीवर ठेवू शकते, हे न्यूझीलंडमधील एका विमानचालकाच्या प्रकरणात, ली विरुद्ध लीज एअर फार्मिंग या खटल्यात, लंडनमधील प्रिव्ही कौन्सिल या अपील न्यायालयाने १९६० मध्येच मान्य केले आहे. नऊ नातेवाईकांचे मात्र कंपनीशी काही नाते नाही. त्यांची ताटे १२,६०० रुपयांची होतात, त्यावरचा पाच टक्के जीएसटी ६३० रुपये; असे १३,२३० रुपये तुम्ही स्वतःच्या खात्यातून कंपनीला परत करावेत. सभागृह आणि सजावट यांचा खर्च ते नऊ जण आले नसते तरी तेवढाच झाला असता, म्हणून त्यात वाटणी करण्याच्या भरीस मी पडणार नाही. परतफेड करताना ती रक्कम संचालकाच्या खात्यावर महिनोन्महिने येणे म्हणून ठेवू नये. दहा टक्के किंवा अधिक मतदानाचा हक्क असलेल्या भागधारकाला कंपनीने दिलेली उचल कलम २, पोटकलम २२, खंड ङ खाली लाभांश मानली जाऊ शकते, आणि तेरा हजारांसाठी तो वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

रोख दिलेल्या १२,००० रुपयांबद्दल मात्र माझ्यापाशी चांगली बातमी नाही. कलम ४०अ, पोटकलम ३ नुसार एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिली, तर वरचे दोन हजार नव्हे, तर संपूर्ण १२,००० रुपये खर्चातून बाद होतात. तुमच्या कंपनीने कलम ११५बअअ चा २२ टक्क्यांचा दर घेतला आहे असे धरले, तर अधिभार व उपकरासह तो २५.१६८ टक्के होतो, म्हणजे ही चूक ३,०२० रुपयांना पडली. रोख पैसे संचालकाने स्वतःच्या खिशातून दिले आणि कंपनीने ते त्याला बँकेतून परत केले म्हणून हा दोष धुतला जातो, असे मला वाटत नाही, कारण सभागृहाच्या मालकाच्या हाती पैसे कंपनीच्या वतीने आणि रोखच पडले. हेच पैसे यूपीआयने, कार्डाने किंवा खात्यावर जमा होणाऱ्या धनादेशाने दिले असते तर काहीच प्रश्न नव्हता. बिलाचे दोन तुकडे करून त्याच दिवशी सहा-सहा हजार दिल्यानेही उपयोग झाला नसता, कारण मोजणी दिवसाची आणि व्यक्तीची आहे, बिलाची नव्हे.

याच सभागृहाबाबत आणखी एक गोष्ट, जी मला गेल्या वर्षभरात छोट्या कंपन्यांच्या हिशेबांत सर्रास राहून गेलेली दिसते. सभागृहाचा मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल आणि कंपनी नोंदणीकृत असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून निवासी घराखेरीज इतर स्थावर जागेच्या भाड्यावरील कर रिव्हर्स चार्जने भाडेकरूने भरायचा आहे. एका संध्याकाळचे सभागृह हेही माझ्या मते जागेचे भाडेच आहे. १८ टक्क्यांनी हा कर २,१६० रुपये होतो. तो आधीच्या क्रेडिटमधून नव्हे, तर प्रत्यक्ष पैसे भरून द्यावा लागतो आणि कार्यक्रम धंद्यासाठीचा असल्याने नंतर त्याचे क्रेडिट घेता येते, म्हणजे कंपनीने भरायच्या जीएसटीतून तो वजा करता येतो. पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात हे खरे, परंतु भरलेच नाहीत तर व्याज लागते.

केटररच्या बिलाचा प्रश्न टीडीएसचा आहे. कलम १९४सी मधील 'काम' या शब्दाच्या व्याख्येत केटरिंग स्पष्टपणे येते. एकाच बिलाची रक्कम ३०,००० रुपयांच्या वर असेल, किंवा वर्षभरात त्याच माणसाला एक लाखाच्या वर दिले असतील, तर कर कापावा लागतो. केटरर व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एक टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर दोन टक्के. व्यक्तीने धंदा चालवला तर उलाढालीच्या मर्यादेखाली तिला यातून सूट मिळते, कंपनीला मात्र ती कितीही लहान असली तरी सूट नाही. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असल्याने कपात ३६,४०० रुपयांवर करायची, म्हणजे एक टक्क्याने ३६४ रुपये. ते कापले नाहीत तर कलम ४० खाली खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर होतो. पूर्ण बिल खर्चात धरले तर १०,९२० रुपये, आणि त्यावर सुमारे २,७४८ रुपयांचा कर. रोख रकमेच्या चुकीत आणि या चुकीत एक दिलासादायक फरक आहे: ही दुरुस्त होते. कंपनीचे विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपूर्वी, म्हणजे सर्वसाधारणपणे ३१ ऑक्टोबर २०२६ पूर्वी, कर आणि त्यावरचे मासिक व्याज भरले तर खर्च याच वर्षात पूर्ण मान्य होतो. केटररला पूर्ण पैसे देऊन झाले असतील तर ३६४ रुपये कंपनीने पदरचे भरावेत आणि तिमाही पत्रकात ते दाखवावेत.

हेच जेवण तुम्ही एखाद्या उपाहारगृहात जाऊन, इतर गिऱ्हाइकांसारखे टेबलांवर बसून घेतले असते तर टीडीएसचा प्रश्न आला नसता, कारण उपाहारगृहाच्या नेहमीच्या व्यवहारात वाढलेल्या अन्नाला ही तरतूद लागू नाही असे मंडळाने स्पष्ट केलेले आहे. पाच-दहा माणसांच्या कंपनीला मी तेच सुचवतो. त्यात वाढप्यांची उठाठेवही वाचते.

जीएसटीच्या क्रेडिटबाबत फार आशा ठेवू नये. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १७, पोटकलम ५ मध्ये खाद्यपदार्थ, पेये आणि केटरिंग यांवरील क्रेडिट सरळ बंद केलेले आहे. कायद्यानेच मालकावर जेवण देण्याची सक्ती असेल तर अपवाद आहे, पण तो मोठ्या कारखान्यांच्या उपाहारगृहांच्या कामाचा, तुमच्या कामाचा नाही. म्हणून केटररचे १,८२० रुपये जीएसटी खर्चातच धरावेत. सजावट आणि ध्वनियंत्रणा त्या बंद यादीत नाहीत, त्यामुळे ८,००० रुपयांवरील १,४४० रुपयांचे क्रेडिट घेण्यास जागा आहे. केटररने सजावटही आपल्याच एका बिलात घातली असती तर ती जागाही उरली नसती. मद्य जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे त्यावर क्रेडिटचा प्रश्न येत नाही, पण परवाना नसलेल्या सभागृहात मद्य ठेवायचे तर महाराष्ट्राच्या दारूबंदी अधिनियमाखाली एक दिवसाचा परवाना लागतो. तो न काढता केलेला खर्च कायद्याने निषिद्ध कृत्यासाठीचा ठरून कलम ३७ च्याच पहिल्या स्पष्टीकरणाखाली बाद होऊ शकतो. तुमच्या बिलात मद्य नाही, तेव्हा हा मुद्दा इथेच सोडतो.

भेटवस्तूंकडे आता वळतो, कारण माणशी आकडा शोधणाऱ्यांना आपल्या कायद्यात तो इथे सापडतो. प्राप्तिकर नियम ३, उपनियम ७ नुसार मालकाने सणासुदीला किंवा एरवी दिलेली वस्तू अथवा व्हाउचर यांचे वर्षभराचे एकत्रित मूल्य ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर पर्क्विझिटचे मूल्य शून्य धरतात. नियमात शब्द 'कमी' असा आहे, म्हणून नेमके पाच हजारही देऊ नयेत असे मी अशिलांना सांगतो. तुमच्या तिघा कर्मचाऱ्यांची ४,५०० रुपयांची भेट सुरक्षित आहे, पण मार्चमध्ये कोणाच्या वाढदिवसाला कंपनीतर्फे हजाराचे घड्याळ देऊ नका, कारण मोजणी वर्षाची आहे. रोख पाकीट ही या नियमाने भेट ठरत नाही. ते पहिल्या रुपयापासून पगारच, मग त्याला बोनस म्हणा, दिवाळी म्हणा किंवा ओवाळणी म्हणा. संचालकांची ७,००० रुपयांची निरांजने मर्यादेबाहेर गेली आहेत. ती दोघांच्या पगारपत्रकात पर्क्विझिट म्हणून दाखवून त्यावर वर्षाअखेरच्या पगारातून कर कापावा, हा एक मार्ग. ती कंपनीकडून किमतीला विकत घेऊन विषय मिटवावा, हा दुसरा, आणि मला तो अधिक पसंत आहे. भेट म्हणून दिलेल्या वस्तूंच्या खरेदीवरचे जीएसटी क्रेडिट मिळत नाही. मालकाने कर्मचाऱ्याला वर्षात ५०,००० रुपयांपर्यंत दिलेली भेट हा पुरवठा मानला जात नाही, त्यामुळे त्यावर वेगळा जीएसटीही नाही.

जेवणाचे काय, असे कोणी विचारील: कर्मचाऱ्याने १,४०० रुपयांचे ताट जेवले तर ते त्याच्या हाती करपात्र का नाही? सर्वांसाठी खुल्या असलेल्या सामुदायिक समारंभात एकेकाच्या वाट्याला आलेला लाभ पगाराचा भाग म्हणून मोजण्याची प्रथा नाही, आणि छोट्या कंपनीच्या एखाद्या जेवणावरून कर्मचाऱ्याच्या हाती असा कर आकारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मात्र 'सर्वांसाठी खुला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोघे संचालकच दर महिन्याला महागड्या हॉटेलात जेवतात आणि त्या जेवणाला 'संचालक मंडळाची बैठक' म्हणतात, तेव्हा हा युक्तिवाद टिकत नाही. माझ्याकडे लेखापरीक्षणासाठी आलेल्या एका कंपनीत 'स्टाफ वेल्फेअर' खाली लावलेल्या हॉटेलच्या बिलावर शेवटची ओळ होती: 'केक, लग्नाचा वाढदिवस, एक किलो'. कंपनीत कर्मचारी शून्य होते. ती रक्कम आम्ही संचालकांच्या नावे टाकली आणि पुढच्या वर्षी केक घरी आला.

गोव्याच्या सहलीबद्दल मी अधिक सावध राहीन. सुट्टीसाठी कर्मचाऱ्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा प्रवास व मुक्काम मालकाने केला तर तो नियम ३ खाली पर्क्विझिट आहे; एका संध्याकाळच्या जेवणाला मिळणारी उदारता तीन दिवसांच्या सहलीला मिळत नाही. तुमचा हेतू खरोखरच पुढच्या वर्षाच्या कामाची आखणी करण्याचा असेल, तर पाचही जणांनी जावे, कार्यक्रमपत्रिका आधी पाठवावी, रोजचे किमान काही तास ठरलेल्या विषयांवर बसावे आणि त्याचे टिपण ठेवावे. कुटुंबे येणार असतील तर त्यांच्या प्रवासाचा आणि जादा खोल्यांचा खर्च ज्याचा त्याने करावा, किंवा कंपनीने करून तो ज्याच्या त्याच्या पगारात करपात्र धरावा. दोन संचालक, दोन मुले आणि 'पुढच्या वेळी येऊ' म्हणून मागे राहिलेले तीन कर्मचारी, अशा सहलीला कोणतीही कार्यक्रमपत्रिका वाचवू शकत नाही.

जीएसटीच्या बाजूनेही गोवा तुमच्यासाठी महाग आहे. हॉटेलच्या खोलीचे पुरवठ्याचे ठिकाण हॉटेल जिथे आहे ते धरतात, त्यामुळे कळंगुटच्या हॉटेलच्या बिलात केंद्राचा आणि गोवा राज्याचा कर लागेल आणि महाराष्ट्रातील नोंदणीवर त्याचे क्रेडिट घेता येणार नाही. तीच बैठक महाबळेश्वरला किंवा अलिबागला घेतली तर निदान हा अडथळा नाही; सुट्टीच्या प्रवाससुविधांवरील बंदी मात्र तिथेही लागू आहेच, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न येतो की ती बैठक होती की सुट्टी.

बाहेरून काम करणारे हिशेबनीस आणि आराखडेकार यांनाही सोबत न्यायचे ठरवले तर कलम १९४र पाहावे लागेल. ते तुमचे कर्मचारी नसून व्यावसायिक आहेत, आणि १ जुलै २०२२ पासून अशा व्यक्तीला धंद्याच्या संबंधातून वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक लाभ दिला तर त्यावर दहा टक्के कर कापावा लागतो. दिवाळीच्या एका ताटाने ही मर्यादा गाठली जात नाही; तीन दिवसांचा प्रवास आणि मुक्काम तिच्या पलीकडे सहज जाऊ शकतो. एकेकाचा वाटा वाजवी रीतीने काढता येत नसेल, तर तो खर्च उत्पन्नातून वजा न मागता कर कापण्याची जबाबदारी टाळण्याचा पर्याय मंडळाने २०२२ च्या १८ क्रमांकाच्या परिपत्रकात दिला आहे, पण दोन माणसांच्या बाबतीत वाटा काढता येत नाही असे म्हणणे कठीण आहे.

कागदपत्रांची अपेक्षा फार नाही. हल्ली निर्धारण चेहराविरहित पद्धतीने होते. अधिकारी तुम्हाला भेटत नाही, तुमचे तीन कर्मचारी किती मनापासून काम करतात हे त्याला दिसत नाही, त्याला फक्त तुम्ही अपलोड केलेले कागद दिसतात. म्हणून सर्वांना पाठवलेल्या निमंत्रणाचा ईमेल, उपस्थितांची नावे व कंपनीशी त्यांचा संबंध लिहिलेला एक कागद, कंपनीच्या नावे आणि तिच्या जीएसटी क्रमांकासह असलेली बिले, आणि बँकेतून पैसे दिल्याची नोंद एवढे एका पाकिटात ठेवावे. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे आठ वर्षे जपायची असतात. कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण ती कितीही लहान असली तरी होतेच, तेव्हा हे पाकीट आधी तुमच्या लेखापरीक्षकाच्या उपयोगी पडेल. हिशेबात हा खर्च कर्मचारी लाभखर्चाच्या गटातील 'स्टाफ वेल्फेअर' या शीर्षाखाली, दिवाळी समारंभ असे वेगळे उपखाते काढून दाखवावा. 'किरकोळ खर्च' या खात्यात लपवलेली मेजवानी परीक्षकाला सर्वांत आधी सापडते.

तेव्हा ३१ मार्चपूर्वी तुमच्या हिशेबनिसांना पुढील नोंदी करायला सांगा: नऊ ताटांचे १३,२३० रुपये संचालकांकडून जमा, निरांजनांचे १४,००० रुपयेही जमा, केटररच्या बिलावरील ३६४ रुपये टीडीएस व व्याज भरणा, आणि सभागृहाचा मालक नोंदणीकृत नसल्यास २,१६० रुपयांचा रिव्हर्स चार्ज. सभागृहाचे १२,००० रुपये खर्चात राहतील, पण करपात्र उत्पन्न काढताना ते नफ्यात पुन्हा जोडावे लागतील, आणि कर लेखापरीक्षण लागू असल्यास नमुना ३सीडी मध्येही दाखवावे लागतील. गोव्याच्या हॉटेलचे आरक्षण अजून केले नसेल, तर कार्यक्रमपत्रिका आधी लिहून पाहा. तीन दिवसांचे विषय भरत नसतील तर एक दिवसाची बैठक पुण्याजवळ घ्या आणि गोव्याला घरच्या पैशाने जा.